रेडिएटरमधल्या पाण्याचा इतिहास

मोटारीच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनातली जेमतेम पाव ते तृतीयांश ऊर्जा चाके फिरवण्याच्या कामी येते. जवळजवळ तेवढीच धुरावाटे निघून जाते, आणि बाकीच्या उष्णतेचा मोठा भाग सिलिंडरच्या भिंतींत व हेडमध्ये शिरतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जाते. ॲल्युमिनियम मात्र ६६० अंशांनाच वितळते. हे अंतर सांभाळण्याचे काम इंजिनाभोवतीच्या पोकळीतून, म्हणजे वॉटर जॅकेटमधून, फिरणारा द्रव करतो. मोटारीच्या पहिल्या चाळीस वर्षांत हा द्रव म्हणजे बहुतेक ठिकाणी निव्वळ पाणी होते. आज त्याला कूलंट म्हणतात. तो हिरवा, गुलाबी, निळा, नारिंगी अशा रंगांत मिळतो, आणि कोणत्या गाडीला कोणता चालतो यावर गॅरेजमध्ये हमखास मतभेद होतात. या मतभेदांचे मूळ इतिहासात आहे. कोणत्या देशात पाणी कसे होते, कोणत्या काळात इंजिन कोणत्या धातूचे होते आणि थंडी किती पडत होती, यावरून कूलंटच्या जाती ठरत गेल्या.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या पेटंट मोटारगाडीत रेडिएटर नव्हताच. एकाच आडव्या सिलिंडरभोवती पाणी होते. ते उकळायचे, वाफ होऊन उडून जायचे आणि जाताना उष्णता घेऊन जायचे. युक्ती साधी आणि परिणामकारक होती, पण पाण्याची तहान मोठी. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ आपल्या ओयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टसहाइमला गेल्या. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. शंभरेक किलोमीटरच्या त्या वाटेवर इंधन वीसलोखच्या औषधालयात मिळाले. पाणी मात्र जिथे सापडेल तिथे थांबून पुन्हा पुन्हा भरावे लागले.

पाणी उडू न देता थंड करून पुन्हा वापरण्याची खरी सोय विल्हेल्म मायबाख यांनी केली. डिसेंबर १९०० मध्ये, ती मागवणाऱ्या एमिल येलिनेक यांच्याकडे पोहोचलेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझ गाडीवर त्यांनी मधाच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर बसवला होता. सहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, एकूण ८,०७०, एकमेकींना जोडलेल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि त्यांच्या मधल्या बारीक फटींतून पाणी वाहायचे. मागे पंखा होता, त्यामुळे गाडी हळू चालली तरी हवा खेचली जाई. पाण्याला वाऱ्याशी भिडायला इतका मोठा पृष्ठभाग मिळाल्यामुळे पूर्वीच्या तुलनेत निम्म्या पाण्यात काम भागले. त्यानंतर शतकभर मोटारीचे तोंड कसे दिसावे, हे या एका भागाने ठरवले.

पाणी फिरवायचे कसे, यावर दोन मार्ग होते. एकात पंप असे. दुसऱ्यात गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी जड होऊन खाली उतरते, या नैसर्गिक अभिसरणावर भिस्त ठेवत. फोर्डच्या १९०८ पासूनच्या मॉडेल टी गाडीत, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्या तर, पंप नव्हता. स्वस्त आणि बिघाडाला जागा न देणारी ही रचना शेतकऱ्यांच्या हाती शोभली, पण इंजिनाची ताकद वाढू लागली तशी ती अपुरी पडली. पंप सर्वत्र आला. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट आला. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात तयार केलेला मेण भरलेला थर्मोस्टॅट आजही जवळजवळ त्याच रूपात वापरात आहे: मेण वितळून फुगते आणि झडप उघडते.

पाण्यासारखा उष्णता वाहणारा दुसरा स्वस्त द्रव नाही. त्याचे दोषही तितकेच पक्के आहेत: शून्य अंशाला ते गोठते, शंभराला उकळते आणि लोखंड गंजवते. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपात पहिला दोष सर्वांत आधी जाणवला. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते, आणि बिडाचा ब्लॉक ते सहन करत नाही, तो तडकतो. म्हणून हिवाळ्यात रात्री गाडी उभी करताना तोटी उघडून सगळे पाणी सोडून द्यायचे आणि सकाळी गरम पाणी भरायचे, असा रिवाज होता. विसरले की इंजिन गेले.

या कटकटीतून सुटण्यासाठी जे जे विरघळते ते ते लोकांनी रेडिएटरमध्ये घालून पाहिले. कॅल्शियम क्लोराइडचे खारे पाणी गोठत नसे, पण धातू खाऊन टाकी. साखर, मध आणि काकवीचे प्रयोग झाले. ते नळ्यांत चिकटून बसत. ग्लिसरिन चांगले होते, पण महाग आणि थंडीत घट्ट. शेवटी लोक अल्कोहोलवर स्थिरावले, विशेषतः लाकडापासून काढलेल्या मिथेनॉलवर. मिथेनॉल मात्र ६५ अंशांच्या आसपास उकळते आणि इथेनॉल ७८ ला. म्हणजे इंजिन नीट तापले की अल्कोहोल आधी उडून जाणार. थंडीची लाट ओसरून दोन दिवस ऊन पडले की रेडिएटरमधले संरक्षण हवेत गेलेले असे, आणि पुढच्या लाटेत ब्लॉक तडके. त्यातच ते ज्वालाग्राही, वाफ विषारी, आणि सांडले तर गाडीचा रंग उतरवणारे.

यातून सुटका करणारे रसायन तोवर सत्तर वर्षे जुने होते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-आदोल्फ व्यूर्त्स यांनी इथिलीन ग्लायकॉल १८५६ च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार केले होते. दीर्घकाळ त्याचा व्यवहारात काही उपयोग नव्हता. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्फोटकांसाठी लागणाऱ्या ग्लिसरिनची टंचाई झाली, तेव्हा पर्याय म्हणून ते पुढे आले. अमेरिकेत युनियन कार्बाइड समूहाने १९२५ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील साउथ चार्ल्सटन येथे त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले आणि १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी विकायला आणले. जर्मनीत १९२९ मध्ये ‘ग्लायसँटिन’ आले. ग्लायकॉल १९७ अंशांना उकळते, म्हणून उडून जात नाही. अमेरिकी बाजारात त्याला ‘कायमचे’ अँटिफ्रीझ म्हणत, आणि तो दावा अल्कोहोलशी तुलना करता रास्तच होता.

या द्रवाचा एक गुण अनेकांना चकवतो. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते. पाण्यात निम्मे मिसळले तर मात्र मिश्रण उणे ३७ च्या आसपासपर्यंत वाहते राहते, आणि साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत नेले तर त्याहूनही खाली. त्यापुढे प्रमाण वाढवले की फायदा उलटतो. शिवाय ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्यापेक्षा बरीच कमी असते. म्हणून ‘जास्त कूलंट, जास्त थंडावा’ हा समज सपशेल चुकीचा आहे. उष्णता वाहणारे पाणीच असते. ग्लायकॉल त्याला गोठण्या-उकळण्यापासून वाचवते.

विमान अभियंत्यांना ग्लायकॉल हवे होते ते त्याच्या उकळण्याच्या बिंदूसाठी. द्रव जितका अधिक तापवता येईल तितका रेडिएटर लहान करता येतो, आणि रेडिएटर लहान झाला की हवेचा रोध घटतो. अमेरिकी सैन्याच्या विमान विभागाने १९२० च्या दशकात ओहायोतील मॅककुक फील्ड येथे असे प्रयोग केले. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या निव्वळ ग्लायकॉलवर चालत. गळती आणि आगीचा धोका फार, म्हणून नंतर सत्तर टक्के पाणी आणि तीस टक्के ग्लायकॉल असे मिश्रण दाबाखाली ठेवण्यात आले.

दाबाचा हा उपाय मोटारींतही आला, आणि सामान्य चालकाच्या दृष्टीने तो ग्लायकॉलइतकाच महत्त्वाचा ठरला. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगची झडप बसवली की आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू दिला जातो. सुमारे ०.९ बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. याच कारणाने तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे घातक असते: दाब सुटताच शंभराच्या वरचे पाणी क्षणात वाफ होऊन उसळते आणि हात-तोंड भाजते.

भारतात मोटार आली ती पाण्यावरच, आणि इथे पाणी हटवण्याची घाई कोणालाच नव्हती. हिमालयातले रस्ते सोडले तर गोठण्याचा प्रश्न नाही. मुंबई-पुण्याच्या चालकाला भीती होती ती उकळण्याची. बोरघाटात खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत रस्ता सुमारे पाचशे मीटर चढतो. एप्रिल-मे महिन्यात, समोर रेंगाळणारा मालट्रक, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा नाही आणि इंजिनावर पूर्ण भार: या स्थितीत कुर्ल्याला बनणारी फिएट आणि बंगालमध्ये बनणारी ॲम्बेसेडर या दोन्ही गाड्या वाफ सोडू लागत. बॉनेट उघडून, झाकणावर ओले फडके टाकून, ते अर्धवट फिरवून वाफ सोडायची आणि इंजिन चालू ठेवून हळूहळू पाणी ओतायचे, हे प्रत्येक चालकाला येत असे. डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडले तर हेड तडकते, हेही अनुभवाने सर्वांना ठाऊक होते.

खरे नुकसान मात्र घाटात होत नव्हते. ते रोज, गाडी उभी असतानाही चालू होते. दख्खनच्या पठारावरील विहिरी आणि बोअरवेलचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट तापला की त्याचे कार्बोनेट होते आणि तेच चहाच्या भांड्यात बसते तसे वॉटर जॅकेटच्या भिंतींवर बसते. हा थर उष्णतेचा वाईट वाहक आहे. मीटर ठीक तापमान दाखवत असते, आणि थराच्या पलीकडचा धातू कितीतरी अधिक तापलेला असतो. जोडीला गंज. ब्लॉकच्या बाजूला बसवलेली पत्र्याची गोल झाकणे गंजून भोके पडत आणि पाणी गळू लागे. रेडिएटरवाल्या कारागिराकडे काम आले की तो तांब्या-पितळेच्या रेडिएटरची वरची टाकी शेगडीवर तापवून सोल्डर सोडवी, एकेका नळीत लोखंडी पट्टी घालून लाल-तपकिरी गाळ ढकलून काढी आणि टाकी पुन्हा झाळून देई. ग्लायकॉलची गरज नसलेल्या या प्रदेशाला गंजरोधकाची गरज थंड देशांहून तिळमात्र कमी नव्हती; ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ या युक्तिवादाने कित्येक इंजिने अकाली गेली.

बाटलीतल्या कूलंटमध्ये गंजरोधकांचा वाटा काही टक्केच असतो, पण कूलंटच्या जाती ठरतात त्यांच्यामुळेच. ग्लायकॉल स्वतः निरुपद्रवी नाही. तापून हवेशी संयोग पावले की त्यातून आम्ले तयार होतात आणि धातू खाऊ लागतात. म्हणून १९३० च्या दशकापासून त्यात बोरॅक्स, ट्रायइथेनॉलअमाइन, फॉस्फेट, नायट्राइट, बेन्झोएट अशी द्रव्ये मिसळली जाऊ लागली. ब्रिटनने १९५९ मध्ये अशा तीन निरनिराळ्या मिश्रणांसाठी तीन मानके काढली. अमेरिकेतली एएसटीएम डी १३८४ ही काचपात्रातली चाचणी आजही वापरात आहे. तांबे, सोल्डर, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम यांचे तुकडे एका दांडीवर ओवून, मुद्दाम क्षार मिसळलेल्या पाण्याने पातळ केलेल्या कूलंटमध्ये बुडवतात. ८८ अंश तापमान, सतत हवेचे बुडबुडे, आणि कालावधी ३३६ तास, म्हणजे चौदा दिवस. शेवटी प्रत्येक तुकडा घासून, वजन करून किती मिलिग्रॅम झिजला ते पाहतात. एका धातूला वाचवणारे द्रव्य दुसऱ्याला मारक ठरू शकते, आणि इंजिनात हे सहाही धातू एकाच द्रवात भिजत असतात. कूलंटच्या रसायनशास्त्राची सगळी अडचण या एका काचपात्रात दिसते.

ॲल्युमिनियमचा वापर वाढला तेव्हा सिलिकेट आले, आणि इथून देशोदेशींचे मार्ग फुटले. अमेरिकी उत्पादकांनी सिलिकेट आणि फॉस्फेट दोन्ही वापरले; हिरवे कूलंट ते हेच. युरोपातले नळाचे पाणी बऱ्याच ठिकाणी दुष्फेन असल्यामुळे फॉस्फेट त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी जुळून गाळ धरी, म्हणून युरोपीय कंपन्यांनी फॉस्फेट टाळले. जपानी कंपन्यांना पंपाच्या सीलची झीज खटकली, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवले. कूलंटसाठी जपानचे जेआयएस के २२३४ आणि भारताचे आयएस ५७५९ ही मानके भारतीय बाटल्यांवर शेजारी शेजारी छापलेली दिसतात. इथल्या मोटार उद्योगावर १९८३ च्या मारुती ८०० पासून जपानचा जो ठसा उमटला, त्याचा हा एक पुरावा मानता येतो. मारुतीने बंद दाबाची रचना, रेडिएटरशेजारची प्लॅस्टिकची बाटली आणि विजेवर चालणारा पंखा सामान्य घरापर्यंत आणला. सकाळी झाकण उघडून पाणी पाहण्याची सवय तेव्हापासून सुटू लागली.

जड डिझेल इंजिनांची कथा वेगळी आहे. त्यांत सिलिंडरची नळी, म्हणजे लायनर, थेट कूलंटमध्ये उभी असते. प्रत्येक ज्वलनाला पिस्टन लायनरवर आदळतो आणि लायनर अतिसूक्ष्म कंप पावतो. भिंत क्षणभर मागे हटली की द्रवात निर्वात बुडबुडे होतात. भिंत परत आली की ते फुटतात, आणि फुटताना पृष्ठभागावर सूक्ष्म पण जबर आघात करतात. लाखो आघातांनी धातूत खड्डे पडतात, ते खोल होत जातात, आणि एके दिवशी पाणी आरपार सिलिंडरमध्ये शिरते. यावर नायट्राइटचा इलाज सापडला: ते भिंतीवर चिवट ऑक्साइडचा थर धरते आणि मार तो थर झेलतो. पूर्वी ट्रक आणि रेल्वे इंजिनांत यासाठी क्रोमेट वापरत. ते विषारी म्हणून मागे पडले. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्ससारख्या कारखान्यांच्या इंजिनांना मोटारीचे कूलंट का चालत नाही, याचे उत्तर या खड्ड्यांत आहे.

गंजरोधकांतला मोठा बदल १९९० च्या दशकात झाला. सिलिकेट म्हणजे सगळ्या भिंतींवर सरसकट थर. तो लवकर खर्ची पडतो आणि दोन-तीन वर्षांत कूलंट बदलावे लागते. सेंद्रिय आम्लांचे क्षार, म्हणजे कार्बोक्झिलेट, फक्त जिथे गंज धरू पाहतो तिथेच चिकटतात, म्हणून फार हळू संपतात. जनरल मोटर्सने १९९६ सालच्या गाड्यांपासून ‘डेक्स-कूल’ हे नारिंगी कूलंट पाच वर्षे टिकेल असे सांगून आणले. त्याला एक पथ्य होते: पातळी पूर्ण हवी. पातळी उतरून आत हवा शिरली की काही गाड्यांत तपकिरी चिखल साचू लागला. गास्केट निकामी झाल्याच्या तक्रारीही आल्या, सामूहिक दावे झाले आणि पुढे तडजोड झाली. फोक्सवॅगननेही त्याच सुमारास तांबडे जी १२ आणले. आधीच्या निळसर-हिरव्या जी ११ मध्ये ते मिसळले गेले की गढूळ तपकिरी गाळ होई. पुढची जी १२ प्लस ही जांभळट आवृत्ती दोन्हींत मिसळेल अशी बनवावी लागली. जपान-कोरियाने सेंद्रिय आम्लांसोबत फॉस्फेट कायम ठेवले, युरोपातल्या काहींनी थोडे सिलिकेट.

रंगाचा घोळ इथूनच वाढला. ग्लायकॉल रंगहीन असते. रंग गळती दिसावी आणि द्रव पाणी समजून प्यायला जाऊ नये म्हणून घालतात, आणि त्याला कोणतेही जागतिक मानक नाही. टोयोटाचे जुने कूलंट तांबडे, नंतरचे दीर्घायुषी गुलाबी, होंडाचे निळे, फोक्सवॅगनचे तांबडे टोयोटाच्या तांबड्याहून वेगळे. दुकानात ‘हिरवे द्या’ म्हणून मागितलेल्या बाटलीत जुने सिलिकेट असू शकते आणि हिरव्या रंगाचे सेंद्रिय आम्लही. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला मानक-क्रमांक बाटलीवर शोधणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे. बाटली तयार मिश्रणाची आहे की घट्ट अर्काची, हेही पाहावे लागते. अर्क असेल तर त्यात नळाचे नव्हे, बॅटरीसाठी मिळते तसे क्षारमुक्त पाणी घालायचे.

ग्लायकॉलचे विषारीपण या इतिहासात वारंवार डोके वर काढते. ते गोड लागते. शरीरात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडे बंद पाडतात. कुत्री-मांजरे सांडलेले कूलंट चाटून मरतात. अमेरिकेत ओरेगन राज्याने १९९१ मध्ये त्यात कडू द्रव्य मिसळणे सक्तीचे करणारा कायदा केला. ग्लायकॉलच्या कारखान्यात त्याच्यासोबतच तयार होणारे डायइथिलीन ग्लायकॉल महाराष्ट्राला फार क्रूरपणे परिचयाचे झाले: १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याची भेसळ असलेले ग्लिसरिन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ग्लिसरिन आणि डायइथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही द्रव डोळ्यांना आणि जिभेला सारखेच वाटतात. कमी विषारी प्रोपिलीन ग्लायकॉलची कूलंटे निघाली, पण किमतीमुळे मागे राहिली. जुन्या काळी महाग म्हणून सोडलेले ग्लिसरिन मात्र परत आले. बायोडिझेलच्या कारखान्यांतून ते मुबलक निघू लागल्यावर फोक्सवॅगनच्या जी १३ मध्ये त्याचा भाग होता. भारतात उत्तराखंडातील काशीपूरला उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून ग्लायकॉल बनवले जाते.

विजेच्या गाडीत सिलिंडर नाही, तरी कूलंट आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनू लागलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत बॅटरीच्या पेट्यांखालून ग्लायकॉल-पाण्याचे मिश्रण फिरते. बॅटरीला साधारण वीस ते चाळीस अंशांत ठेवायचे असते, इंजिनासारखी नव्वद अंशांची गरज नाही. इथे गंजाइतकीच चिंता विद्युतवहनाची आहे. नेहमीचे गंजरोधक म्हणजे क्षार, आणि क्षारांचे द्रावण वीज वाहते. गळती होऊन असे कूलंट शेकडो व्होल्टच्या भागांवर पडले तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. म्हणून या गाड्यांसाठी कमी विद्युतवाहक कूलंटे बनू लागली आहेत, ज्यांत क्षारांऐवजी आयन न सोडणारी गंजरोधके वापरतात, आणि त्यांच्या मानकांत गोठणबिंदू व धातूच्या झिजेच्या जोडीला विद्युतवाहकतेची मर्यादाही लिहिलेली असते.